हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची स्टिरिओ संचाशी जोडणी

घरातील स्टिरिओ संचाचा ध्वनिसंकेत स्वतंत्र हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरकडे नेण्याच्या व्यवस्थेला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरची जोडणी असे म्हणतात. हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर हा कमी शक्तीचा विवर्धक असून तो सीडी प्लेयर, ट्यूनर इत्यादींकडून येणारा लाइन पातळीचा संकेत घेतो आणि हेडफोनला आवश्यक तेवढा विद्युत प्रवाह पुरवतो. संचातील नेमक्या कोणत्या बिंदूवरून संकेत घेतला आहे, यावर या जोडणीचे यश अवलंबून असते. बिंदू चुकल्यास आवाजात विकृती येते, आणि काही प्रसंगी मुख्य अ‍ॅम्प्लिफायर किंवा हेडफोन कायमचा निकामी होतो.

== पार्श्वभूमी ==

अमेरिकेतील मिलवॉकी येथील जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. त्यानंतर घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या दर्शनी भागावर हेडफोनचे छिद्र हळूहळू रूढ झाले. अनेक अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये या छिद्रामागे वेगळे मंडल नसते. स्पीकरकडे जाणारा संकेतच एका मोठ्या रोधकातून हेडफोनकडे वळवलेला असतो. १९९६ च्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकातही हेडफोन निर्गमासाठी १२० ओहम संरोध सुचवलेला होता.

संरोध वारंवारतेनुसार बदलणाऱ्या हेडफोनला ही पद्धत मानवत नाही. समजा, एखाद्या हेडफोनचा संरोध मध्यम स्वरांना ३२ ओहम आणि खर्जात ६४ ओहम आहे. १२० ओहमच्या निर्गमातून त्याला मध्यम स्वरांसाठी मूळ व्होल्टेजच्या सुमारे २१ टक्के, तर खर्जासाठी सुमारे ३५ टक्के वाटा मिळेल. म्हणजे खर्ज ४ डेसिबलहून अधिक उचलला जाईल. निर्गम संरोध १ ओहम असेल, तर हाच फरक कानाला जाणवणार नाही इतका कमी राहतो. म्हणून हेडफोनचा संरोध निर्गम संरोधाच्या किमान आठपट असावा, असा संकेत रूढ आहे. स्वतंत्र हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घेण्यामागचे हे सर्वांत सबळ कारण होय. केवळ आवाज मोठा हवा म्हणून तो घेण्याची गरज क्वचितच असते.

== टेप आउट ==

जुन्या व मध्यम काळातील बहुतेक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरांना मागील बाजूस ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ नावाची आरसीए छिद्रांची जोडी असते. टेप रेकॉर्डरसाठी केलेली ही सोय हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला सर्वाधिक सोयीची ठरते. येथील संकेत स्रोत निवडणाऱ्या खटक्यानंतर, परंतु आवाजाच्या व स्वराच्या नियंत्रकांपूर्वी घेतलेला असतो. त्यामुळे मुख्य आवाज शून्यावर ठेवून स्पीकर शांत करता येतात आणि हेडफोनचा आवाज त्याच्या स्वतःच्या नियंत्रकाने ठरवता येतो. तबकडीवादकाचा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्ट असतो आणि त्याला समकरणाची गरज असते, म्हणून तो थेट हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला देता येत नाही. टेप आउटवर मात्र तो फोनो विभागातून तयार होऊनच येतो.

या जोडणीतील एक दोष सहसा लक्षात येत नाही. काही अ‍ॅम्प्लिफायरांत टेप आउट हे स्रोताला सरळ तारेने जोडलेले असते, मध्ये बफर नसतो. अशा वेळी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बंद असला, तरी त्याचे प्रवेश मंडल स्रोतावर भार टाकत राहते. बंद अवस्थेत त्यातील अर्धवाहक घटक संकेताची टोके कापू शकतात आणि ती विकृती स्पीकरमधून ऐकू येते. स्पीकर चालू असताना हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बंद-चालू करून फरक पडतो का, हे पाहिल्यास दोष ओळखता येतो. दोष असल्यास स्पीकर ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवावा किंवा त्याची तार काढावी.

== प्री-आउट ==

प्री-आउटवरील संकेत आवाजाच्या नियंत्रकानंतर घेतलेला असतो. येथे दोन नियंत्रक एकापाठोपाठ येतात. सामान्यतः हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरचा नियंत्रक एका जागी स्थिर ठेवून मुख्य नियंत्रक वापरला जातो. स्पीकर मात्र त्यांच्या खटक्याने वेगळे बंद करावे लागतात.

अनेक स्पीकरांच्या एव्ही रिसीव्हरमध्ये डिजिटल स्रोतांचा संकेत बहुधा टेप आउटवर येत नाही, त्यामुळे प्री-आउट वापरावे लागते. रिसीव्हर ५.१ पद्धतीवर असेल, तर चित्रपटातील बरेचसे संवाद मधल्या स्पीकरकडे आणि खोल खर्ज सबवूफरकडे जातो. पुढच्या दोन प्री-आउटवरून ऐकणाऱ्याला मग पार्श्वसंगीत ऐकू येते, पण पात्रे जवळपास मुकी वाटतात. रिसीव्हर दोन वाहिन्यांच्या स्टिरिओ पद्धतीवर आणून सबवूफर बंद केल्यास ही अडचण राहत नाही.

== स्पीकरची टोके ==

स्पीकरच्या टोकांवरून हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला संकेत देऊ नये. ८ ओहमला ५० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजावर २० व्होल्ट देतो, तर सीडी प्लेयरचा कमाल संकेत साधारण २ व्होल्ट असतो. तेच २० व्होल्ट ३२ ओहमच्या हेडफोनला थेट मिळाले, तर त्यात १२.५ वॅट शक्ती खर्च होईल. हेडफोनला प्रत्यक्षात काही मिलिवॅट पुरतात.

दुसरा धोका जमिनीशी संबंधित आहे. सर्वसाधारण स्टिरिओ हेडफोनच्या तीन संपर्कांच्या पिनेत डाव्या व उजव्या वाहिनीची परतीची तार एकच असते. ब्रिज पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरचे ऋण टोकही संकेताने भारित असते. अशी दोन ऋण टोके एकत्र जोडल्यास अंतिम टप्पा लघुमंडलित होऊन जळू शकतो.

याला अपवाद आहेत. ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीचा के१००० हा अत्यंत कमी संवेदनशील हेडफोन मुळातच स्पीकरच्या टोकांना जोडण्यासाठी बनवलेला होता. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या एसआरडी-७ सारख्या पेट्याही या टोकांना जोडल्या जातात. त्यांतील रोहित्र संकेताचे व्होल्टेज वाढवते आणि स्थिरविद्युत हेडफोनला लागणारे काहीशे व्होल्टचे स्थिर व्होल्टेजही पेटीच पुरवते.

== घरघर ==

दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी भूयोजित असतील, तर आरसीए तारेच्या आवरणातून प्रवाह वाहून भू-वलय तयार होते. भारतात मुख्य वीज ५० हर्ट्झची असल्याने ५० व १०० हर्ट्झची सततची घरघर ऐकू येते. दोन्ही उपकरणे एकाच विद्युतपट्टीवर घेतल्यास ती बहुधा कमी होते. तीन पिनांच्या प्लगची भूपिन काढून टाकण्याचा उपाय प्राणघातक ठरू शकतो. स्रोत डिजिटल असल्यास प्रकाशीय तार वापरता येते. तिच्यातून वीज वाहत नसल्याने त्या जोडणीपुरते वलय तुटते.

== वापर ==

जोडणी करताना दोन्ही उपकरणे बंद ठेवतात. ६.३५ मिलिमीटरची पिन टेलिफोन केंद्रांच्या फलकांवरून आलेली आहे. छिद्रात सरकताना तिचे संपर्क क्षणभर एकमेकांशी जुळतात, म्हणून आवाज शून्यावर असतानाच ती घालावी. चालू करताना प्रथम स्रोत आणि शेवटी हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर, तर बंद करताना उलट क्रम पाळल्यास खटक्याचा धक्का हेडफोनपर्यंत पोहोचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो.