कोळशाने विष जातं का? जिंझू नदीची गोष्ट

सध्या बायोचारचं नाव खूप ऐकतोय. भाताचं तूस, काटक्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा. जड धातू मुरलेल्या जमिनीत टाकला की काम झालं, असं सांगणारे मला भेटतात. त्यांच्यासाठी जपानची ही गोष्ट.

तोयामा प्रांतातली जिंझू नदी. वरच्या अंगाला मित्सुई कंपनीची कामिओका खाण. खाणीतलं कॅडमियम नदीतून भातखाचरात, भातातून पोटात. बायकांची हाडं खोकल्यानेही मोडायची. आजाराचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. तिथले डॉक्टर हागिनो १९५७ पासून खाणीकडे बोट दाखवत होते. सरकारने मान्य केलं १९६८ला! १९७१ला कोर्टात रुग्ण जिंकले.

राहिली माती. सुमारे ८६३ हेक्टरवर दूषित थराची विल्हेवाट लावून वर चांगली माती घातली. खर्च कंपनी आणि सरकारचा. काम संपलं २०१२ला, तीसहून जास्त वर्षांनी.

बायोचार स्वस्त पडतो, कबूल. तो आम्लता कमी करतो, कॅडमियम धरून ठेवतो, मग पीक ते कमी शोषतं. म्हणून जरूर टाका, पण दाण्याची तपासणी सोडू नका आणि कारखान्यालाही सोडू नका. कारण धातू जमिनीतच असतो. माती पुन्हा आम्ल झाली की सुटू शकतो.