आकार, वसूल आणि इस्तावा

जुना ताळेबंद हातीं आला म्हणजे आकाराची बेरीज पाहून राज्याची सुबत्ता ठरविण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. परंतु आकार म्हणजे वसूल नव्हे, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

मराठेशाहींत पडीत जमिनीस कौल देऊन पहिल्या सालीं हलका व पुढें सालोसाल चढता असा इस्तावा बांधीत. दुसऱ्या बाजीरावानें मामलती मक्त्यानें दिल्या, तेव्हां ही मर्यादा सुटली.

पुढें इंग्रजी अमलांत प्रिंगल यांनीं निव्वळ उत्पन्नाचा शेंकडा ५५ हिस्सा सरकारचा ठरविला. हिशेब कागदावर बिनतोड. पण मोजणी सदोष आणि उत्पन्नाचा अदमास फाजील. इंदापुरांत रयतेनें शेतें टाकलीं व बाकी फुगली. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं फिरून पाहणी करून १८३६ सालीं दर उतरविले व ते ३० वर्षें कायम केले. पड जमीन लागवडीस येऊन वसूलहि वाढला. मुदत संपतांच १८६७ सालीं आकार पुष्कळ चढविला गेला. १८७५ च्या दंग्यांचें मुख्य कारण सावकारी कर्ज असलें, तरी वाढलेल्या साऱ्याचाहि त्यांत वाटा होता.

सारांश, सरकारचा खर्च वाढला म्हणून आकार वाढवितां येतो. पीक हुकुमानें वाढत नाहीं. यास्तव संग्राहकांनीं कौलनामे व इस्ताव्याच्या यादी क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. आकार, वसूल व पड हीं तिन्ही सदरें शेजारीं मांडल्यावांचून राज्याचा भार रयतेस झेपत होता कीं नाहीं, याचा निर्णय होणें नाहीं.