धनुष्कोडीचे स्थानक

काशीची गंगा रामेश्वराला घालावी आणि सेतूची वाळू प्रयागला न्यावी, ही यात्रेकरूंची जुनी रीत. नाथांच्या कावडीची कथा ऐकत वाढलेल्या महाराष्ट्राला ती निराळी सांगावयास नको. परंतु रामेश्वर बेटाच्या ज्या टोकावरून ही वाळू उचलीत, त्या धनुष्कोडीपर्यंत एके काळी आगगाडी जात असे, हे आज पुष्कळांच्या ध्यानी नसते.

गाडी तेथे गेली ती यात्रेकरूंकरिता नव्हे. पूर्वी मद्रासहून निघालेला उतारू तुतिकोरीनला आगबोटीत बसून कोलंबो गाठी. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा पूल खुला झाला आणि लोहमार्गाने धनुष्कोडी जोडली गेली. तेथून सिंहलद्वीपातील तलैमन्नार अवघे बावीस मैल. उतारू व टपाल गाडीतून उतरून धक्क्यावरच्या आगबोटीत चढत. पलीकडच्या तीरावर पुन्हा आगगाडी. या प्रवासाचे नावच ‘बोट मेल’ पडले. साहेबलोकांच्या सुखसोयींची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला मात्र आठवण होते ती चहाच्या मळ्यांवर मजुरीस निघालेल्या तमिळ कुटुंबांची. मंडपमच्या छावणीतली तपासणी संपवून ती याच वाटेने समुद्र ओलांडीत. मायभूमीचे त्यांना दिसलेले शेवटचे स्थानक हेच.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ उठले. पांबनहून निघालेली उतारूंची गाडी धनुष्कोडीच्या अगदी नजीक आली असता समुद्राने तिच्यावर झेप घेतली. शंभराहून अधिक माणसे गाडीसह बुडाली. गावही उद्ध्वस्त झाले.

वादळाने स्थानक बुडविले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच सत्य होय. त्याच वादळात पांबनच्या पुलाच्या कितीतरी तुळया समुद्रात पडल्या होत्या, ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली तो पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. रामेश्वराला गाडी हवीच होती! धनुष्कोडी मात्र वस्तीस अयोग्य ठरली, आणि तिचे एकुलते एक काम, म्हणजे बोटीची वाहतूक, रामेश्वराकडे गेले. मग रूळ पुन्हा कोणासाठी घालावयाचे? पुढे श्रीलंकेतील यादवीमुळे १९८० नंतरच्या दशकात ती बोटही थांबली.

२०१७ पासून टोकापर्यंत मोटारीचा रस्ता झाला आहे. तेथे जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत वाळूत उभ्या राहिलेल्या स्थानकाच्या पडक्या भिंती दिसतात.