न खाजणारा चट्टा



दोन वर्षांपूर्वी गटाच्या बैठकीत एका ताईच्या बोटांना मोठे फोड आलेले दिसले. तापलेला तवा हाताने उतरवला, पण चटका बसल्याचं तिला कळलंच नाही. त्याच हातावर फिकट चट्टा होता. ती त्याला गजकर्ण समजून दुकानातलं मलम लावत होती. मनात शंका होती, पण बोलली नाही. कारण एका शब्दाची भीती होती: महारोग. ही भीती कुठून आली, ते आज पाहू.

पूर्वी लोक कुष्ठरोगाला पापाचं फळ मानत. 1873 साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी त्याचा जंतू शोधला. म्हणजे शापही नाही, पापही नाही, हा जंतूंनी होणारा आजार आहे. पण औषध नव्हतं. कडूकवठाच्या तेलाची दुखरी इंजेक्शनं देत. इंग्रज सरकारने 1898 साली कायदा केला, त्यानुसार गरीब रुग्णांना पकडून वेगळं ठेवता येत असे. स्त्रिया आणि पुरुषही वेगवेगळे ठेवत. हा कायदा 2016 साली रद्द झाला.

आपल्या महाराष्ट्रात काही माणसांनी मात्र दार उघडलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी 1936 साली काम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्रींची मालिश स्वतःच्या हाताने करत. वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभं केलं. तिथे रुग्णांनी शेती केली, कापड विणलं, घरं बांधली.

1940 च्या दशकात डॅप्सोनची गोळी आली. पुढे एकट्या गोळीला जंतू दाद देईनात, म्हणून 1980 च्या दशकात दोन-तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं. आजार थोडा असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. लघवी लालसर होते, कातडी काळवंडते, म्हणून गोळ्या सोडू नका.

औषध आलं, तरी कायदा मागेच राहिला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. संसदेने ते 2019 साली काढलं. आपल्या आदिवासी घरांना तो कायदा लागू नाही, पण सोडून देतील ही भीती आपल्याही पाड्यांवर आहे. म्हणूनच बाई चट्टा पदराखाली झाकते.

मग ओळखायचं कसं? गजकर्ण गोल असतं, कडा लाल असते, खूप खाजतं. त्याला कुणी सांगितलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं तर ते आणखी पसरतं. कोडाचे डाग पांढरेशुभ्र असतात, पण तिथे स्पर्श कळतो. कोड लागत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, आणि बहुतेक वेळा तिथे कापूस फिरवला तरी कळत नाही. कधी चट्टाच नसतो. कानाच्या पाळीवर गाठी येतात, हातपाय बधिर होतात. असं काही दिसलं तर आशाताईंना दाखवा. निदान मात्र डॉक्टरच करतील.

हा आजार हात लावला म्हणून लगेच होत नाही. बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढण्याची ताकद असते, आणि औषध सुरू झालं की लागण थांबते.

त्या ताईने बारा महिने गोळ्या घेतल्या. ऊसतोडीला गुजरातला जातानाही पाकिटं सोबत नेली. आजार बरा झाला. बोटांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही. आता ती तवा फडक्यानेच धरते. चट्टा दिसला तेव्हाच ती बोलली असती, तर कदाचित बोटंही वाचली असती.

पुढच्या बैठकीत बचतीची वही उघडण्याआधी एकमेकींची पाठ आणि हात पाहून घ्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, मैत्रिणीला दिसते.