मुले सांभाळणाऱ्या बाईचा जादा तास

कामगार चळवळीचा इतिहास सांगावयास उभा राहिलेला मनुष्य बहुधा गिरणीपासून आरंभ करतो. आम्हीही तेच करतो. कारण गिरणीच्या भोंग्याची आठवण ठेवल्याशिवाय आजचा विषय नीट ध्यानात येणार नाही. भोंगा वाजला की काम सुरू, पुन्हा वाजला की काम संपले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती या भोंग्याच्या जगात. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले व त्यापुढील कामाला दुप्पट दर दिला. या दुप्पट दरासाठी भांडण्यात आमचा जन्म गेला. शाळा आम्ही लवकर सोडली. गणित शिकलो ते हजेरीपटावरून.

परंतु जेथे भोंगा नाही, फाटक नाही, हजेरीपट नाही, तेथे जादा तास कोणी मोजावा? दुसऱ्याच्या घरी राहून त्याचे मूल सांभाळणाऱ्या बाईचे काम असे आहे. अमेरिकेत तिला नॅनी म्हणतात. तिच्या जादा तासाचा झगडा त्या देशात जितका लांबला, तितकाच तो उघडपणे कायद्यात उतरला; म्हणून आजची कथा तिकडची.

१९२९ च्या मंदीनंतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात काही चौकांत सकाळी कृष्णवर्णीय बायका कागदी पिशवीत कामाचे कपडे घेऊन उभ्या राहात. मालकिणी येत, बायकांना न्याहाळीत, भाव करीत आणि तासाच्या बोलीवर घेऊन जात. एला बेकर आणि मार्व्हेल कुक या दोघी या चौकांत स्वतः उभ्या राहिल्या आणि १९३५ साली ‘द क्रायसिस’ मासिकात त्यांनी या ‘गुलामांच्या बाजारा’चे वर्णन लिहिले. तासाला पंधरा ते तीस सेंट असा तेथला भाव. त्या काळच्या तक्रारींत एक तक्रार आम्हांस विसरता येत नाही : घरातल्या घड्याळाचे काटे मालकीण मागे फिरवून ठेवी. बाईजवळ स्वतःचे घड्याळ नसे. गिरणीमालकांनीही वेळेची चोरी केली. पण भोंगा साऱ्या वस्तीला ऐकू जाई, भिंतीवरचे घड्याळ एका घरापुरते असते.

त्याच १९३५ साली अमेरिकेत संघटनेचा व सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारा वॅग्नर कायदा झाला. त्याने घरगुती नोकरीतील माणसाला कामगाराच्या व्याख्येतूनच वगळले. पुढे १९३८ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी न्याय्य श्रममान कायद्यावर सही केली. तासाला किमान २५ सेंट, आठवड्याचे आरंभी ४४ तास आणि १९४० पासून ४०, त्यापुढे दीडपट वेतन. मोठाच विजय होता तो. त्याचा लाभ शेतमजुरांना झाला नाही आणि घरकाम करणाऱ्या बायकांनाही झाला नाही. ही दोन्ही कामे दक्षिणेत प्रामुख्याने कृष्णवर्णीय माणसे करीत, आणि तेथल्या प्रतिनिधींच्या मतांवाचून कायदा पार पडणे कठीण होते. वगळणुकीचे मूळ पुष्कळ इतिहासकार तेथेच शोधतात. आमच्या मते याहून वाईट गोष्ट अशी की दोन दारे एकदमच बंद झाली. कायद्याचा दर नाही, आणि युनियनने बोलावे तर त्यालाही संरक्षण नाही. उरले काय? एकटीने मालकिणीशी बोलणे.

एकटीने बोलण्याला आम्ही युनियनवाले पूर्वी फार मोजीत नव्हतो. डोरोथी बोल्डन यांची हकीकत वाचली तेव्हा आमचा हा अहंकार पुष्कळ कमी झाला. अटलांटा शहरातील या बाई नऊ वर्षांच्या असल्यापासून लोकांच्या घरी राबल्या. कामावर जाणाऱ्या बायका ज्या बसमध्ये बसत, तीच त्यांची सभा. १९६८ साली त्यांनी घरकामगार स्त्रियांची संघटना काढली. सभासद व्हायचे तर मतदार म्हणून नाव नोंदविलेले पाहिजे, ही तिची अट. शहरातील हजारो स्वयंपाकघरांशी एक करार होणे शक्य नाही, हे ओळखून प्रत्येकीने आपापल्या घरी काय बोलावे, कसे बोलावे, याचे शिक्षण ही संघटना देई. बोलणारी एकटी असे, पण तिने सांगितलेला दर मात्र साऱ्याजणींनी मिळून ठरविलेला असे.

१९७४ साली कायदा अखेर दुरुस्त झाला. प्रतिनिधिगृहातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सभासद शर्ली चिझम यांनी त्यासाठी जोर लावला; त्यांची आई स्वतः घरकाम करीत असे. आता नॅनीला किमान वेतन आणि चाळीस तासांनंतर दीडपट दर मिळाला. पण मालकाच्याच घरी राहणाऱ्या बाईला दीडपटीतून वगळले. जिचा दिवस सर्वांत लांब, तिचाच जादा तास या कायद्याने मोजला नाही!

हक्क कागदावर आल्यावर खरी घासाघीस सुरू होते, हे आमच्या सभासदांना सांगणे नको. येथे थोडे गणित करावे लागेल. समजा, मालकीण म्हणते, “आठवड्याला ८०० डॉलर देऊ,” आणि काम आहे पन्नास तासांचे. हे ८०० कशाचे? चाळीस तासांचे धरले तर तासाचा दर २० डॉलर, जादा तासाचा ३०. दहा जादा तासांचे ३०० मिळून एकूण ११०० डॉलर झाले. तेच ८०० डॉलर पन्नास तासांचे धरले तर दर १६ वर उतरतो, त्यावर दहा तासांचा निम्मा दर म्हणजे ८० डॉलर वर, एकूण ८८०. रक्कम तीच, कायदा तोच. फरक आठवड्याला २२० डॉलरचा! म्हणून तिकडच्या जाणत्या बायका आठवड्याचा आकडा आधी बोलत नाहीत. प्रथम तासाचा दर, मग जादा तासाचा दर, आणि दोन्ही कागदावर, कामाचा पहिला दिवस उजाडण्यापूर्वी. मुलाने गळ्यात हात टाकले की बाईची जीभ रेटत नाही, हे मालकीणही जाणते.

दुसरा तंटा रिकाम्या तासाचा. मूल दुपारी दोन तास झोपले, बाई खुर्चीवर बसली; हे काम की विश्रांती? या प्रश्नाचे उत्तर एका मांस-कारखान्याच्या खटल्यात आधीच निघाले होते. टेक्सासमधील काही कामगार आग लागल्यास धावण्यासाठी रात्री कारखान्याच्या आवारात राहात. आग क्वचितच लागे. १९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वाट पाहणे हेही काम ठरू शकते. वाट पाहण्यासाठीच माणूस नेमला आहे काय, हे ज्या त्या प्रकरणात पाहावे. निजलेल्या मुलाला एकटे टाकून बाई बाजारात जाऊ शकत नाही. मग ते दोन तास तिचे कसे?

पुढील पाऊल न्यूयॉर्क राज्याने टाकले. ‘डोमेस्टिक वर्कर्स युनायटेड’ ही संघटना तेथे २००० साली उभी राहिली. कॅरिबियन बेटांतून, फिलिपीन्समधून आलेल्या नॅनी मुलांना खेळवीत ज्या बागांत बसत, तेथे कार्यकर्त्या जाऊन बसू लागल्या. बोल्डन यांची बस, यांची बाग. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर ऑगस्ट २०१० मध्ये गव्हर्नर पॅटरसन यांनी घरकामगारांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली : बाहेर राहणारीला चाळीस तासांनंतर, घरात राहणारीला चव्वेचाळीस तासांनंतर दीडपट, सात दिवसांत एक दिवस सुट्टी. पुढच्याच वर्षी, १६ जून २०११ रोजी, जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांचा १८९ वा करार संमत केला. त्यात हाकेसरशी हजर राहण्याचा वेळही विचारात घेतला आहे. भारताने बाजूने मत दिले, पण कराराला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक केलेला नाही.

आपल्याकडे पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप केला, ही आमच्या चळवळीतील अभिमानाची गोष्ट. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदाही केला. परंतु त्याचा विषय कल्याणाचा. जादा तासाचा दर त्यात नाही.

आता घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वीसएक वर्षांपूर्वी आमच्या सौ. एका दवाखान्यात पाळीवर जात. मुलाला एक मावशी सांभाळीत. बोली सकाळी नऊ ते सायंकाळी सहाची. आम्ही द्वारसभा आटोपून आठ-नऊला पोहोचावे, हे नित्याचेच. एकदा एका कारखान्यातील ओव्हरटाइमची थकबाकी वसूल झाली, म्हणून आम्ही पेढे घेऊन रात्री साडेनऊला घरी आलो. मुलगा झोपला होता. मावशींनी पेढा घेतला, कशाचा म्हणून विचारले. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या चपला घालता घालता म्हणाल्या, “दादा, म्हणजे सहाच्या पुढं थांबलं की त्याचे वेगळे पैसे असतात होय?”

दुसऱ्या दिवशी बोलणी झाली. मालकाच्या बाजूला आम्ही प्रथमच बसलो होतो, आणि आश्चर्य असे की मालकांचीच वाक्ये आमच्या तोंडी येऊ लागली : घरच्यासारखेच तर आहे, पोर झोपलेलेच तर असते. मावशींनी दुप्पट मागितले नाही, दीडपटही नाही. सहानंतरच्या तासाला साधा दर आणि आठ वाजून गेल्यास रिक्षाचे पैसे, एवढेच मागितले. सौ.नी दीडपट लिहिले. वही फडताळात ठेवली. मावशी स्वतः वेळ मांडीत, आम्ही सही करीत असू. आधीच्या तीन वर्षांचे तास मात्र कोणीच मांडून ठेवले नव्हते.