सेवा आमची, सही कुणाची?

पुणे करार झाला २४ सप्टेंबर १९३२ला. सहाच दिवसांनी मुंबईत सभा भरली अन् अस्पृश्यता निवारणाचा संघ उभा राहिला. त्याचाच पुढं हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्कर. पैका त्यांचा, पेढी त्यांची, उद्धार मात्र आमचा!

बाबासाहेब सुरवातीला मध्यवर्ती मंडळावर होते. विलायतेला जाताना १४ नोव्हेंबरला त्यांनी बोटीतून ठक्करांना पत्र धाडलं. एकेक माणूस सुधारत बसू नका, विहिरी, शाळा, गावची चावडी खुली करायला लढा. गिरणीचंही लिहिलं. साचाखात्यात पगार जास्त, पण अस्पृश्याला तिथं मज्जाव. का? तर धोट्यात कांडी बदलली की सूत तोंडानं ओढावं लागे. आपल्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटायचा! अन् काम करायला अस्पृश्यांतलेच कार्यकर्ते घ्या, हेही सांगितलं.

गांधींचं म्हणणं पडलं, हे स्पृश्यांचं प्रायश्चित्त. कर्ज फेडणाऱ्यांनीच संघ चालवावा. वा! पण फिटलं किती, हे ज्याचं येणं आहे त्यानं नको बघायला? बाबासाहेब बाहेर पडले.

१९२४च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष चिमणलाल सेटलवाड होते. पण कारभाराची दोरी बाबासाहेबांच्या हाती होती. म्हणजे सवर्णाच्या मदतीला ना नाही. सवाल दोरीचा आहे.

दोस्तहो, धामणगाव बढ्यात असा की मुंबईच्या चाळीत, सेवा करायला कुणी आलं तर आधी विचारा: कमिटीत आपलं कोण? हिशेबाच्या वहीवर सही कुणाची?