पनवेलचे वाडे आणि चोखोबांची भिंत



कार्तिक वद्य एकादशीला आळंदी गाठायची म्हणून तुमच्यापैकी अनेकांनी पनवेलवरून खोपोलीचा रस्ता पायी तुडवला असेल. पुढे बोरघाटाची चढण, मग लोणावळा, मग माउलींचे गाव. त्या वाटेवर मुक्काम म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पाठ टेकायला ओटी, पाण्याला विहीर आणि हरिपाठाला अंगण, एवढे मिळाले की दिंडी सुखी. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या ओटीविषयी आणि अंगणाविषयी. कारण ओटी असलेला वाडा पडतो आहे, आणि तो पडावा की राहावा याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

पनवेल हे मुळात वाटसरूंचेच गाव. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. मुंबईचा माणूस होडीतून पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि तिथून पुढे पुण्याकडे निघायचा. घाटावरचा माल बैलगाड्यांनी खाली यायचा आणि पडावात चढायचा. गाड्यांची चाके बनवणारे इथले कारागीर नावाजलेले होते. या वर्दळीतून पैसा आला आणि पैशातून वाडे उभे राहिले. पुढे ओटी, मध्ये चौक, मागे परस आणि विहीर, सागवानी खांब, उतरते कौलारू छप्पर. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लाडाळे अशी तळी गावाला लाभली. १८५२ साली इथे नगरपालिका आली. राज्यातल्या अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, वाटसरू कर्जतमार्गे जाऊ लागले आणि पनवेलची घाई ओसरली. वाडे मात्र राहिले.

याच तालुक्यात शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना पाहून त्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी दूर एडनच्या कारागृहात देह ठेवला. त्यांचे शिरढोणचे घर आज जपलेले आहे. तिथे उभे राहिले की इतिहास पुस्तकातून बाहेर येतो. पण त्या घराला एका थोर माणसाचे नाव होते म्हणून ते वाचले. ज्या वाड्यात कोणी थोर जन्मले नाही, जिथे फक्त चार पिढ्या नांदल्या, त्याला कोणी वाचवायचे?

आता दुसरी बाजू पाहा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. मोबदल्यासाठी शेतकरी उठले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. तरी घरातली मुले मोठी झाली, सुना आल्या, गावठाण मात्र तेवढेच राहिले. मग लोकांनी मिळेल त्या जागी खोल्या चढवल्या. त्यांना आपल्याकडे 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. शब्द किती खरा आहे बघा! त्यात हौस नाही, गरज आहे.

२०१६ मध्ये पनवेलची महानगरपालिका झाली. २०१८ साली सिडकोने अल्प उत्पन्न आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १४,८३८ घरांची सोडत जाहीर केली. त्यातली तळोजा, खारघर आणि कळंबोलीची घरे याच पालिकेच्या हद्दीतली. दुर्बल घटकासाठी तेव्हाच्या सरकारी हिशेबात घर म्हणजे ३० चौरस मीटरपर्यंतची जागा होती. तेवढ्यासाठी माणसे अर्ज करतात, देव पाण्यात ठेवतात. ज्याला हक्काचे छप्पर नाही, त्याच्यापुढे आपण सागवानी खांबांचे कौतुक कोणत्या तोंडाने करायचे?

वाडा का पडतो, हेही समजून घेऊ. मालकीत वीस वारस, त्यांतले निम्मे परगावी. भाडेकरू तीन पिढ्यांचे, भाडे जुन्या काळचे. त्या भाड्यात कौले शाकारणेसुद्धा होत नाही. मालक म्हणतो, दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, बाहेर पडलो तर परत कोण घेईल? दोघेही खोटे बोलत नाहीत. दर पावसाळ्यात भिंत थोडी फुगते. मग एके दिवशी 'धोकादायक इमारत' अशी पाटी लागते.

इथे मला मंगळवेढ्याची आठवण होते. शके १२६०, म्हणजे १३३८ साल. गावकुसाच्या भिंतीचे काम चालले होते. ती भिंत कोसळली आणि काम करणारे मजूर खाली गाडले गेले. त्यांत आपले चोखोबा होते. ज्या गावाच्या रक्षणासाठी भिंत बांधायची, त्या गावात त्यांना आत घर नव्हते. परंपरा सांगते की नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी ओळखल्या आणि पंढरीला महाद्वारी समाधी बांधली. आपण आजही आधी तिथे माथा टेकतो. माउली, जुन्या भिंतीवर प्रेम करताना तिच्या खाली कोण झोपले आहे हे आधी पाहावे, हा धडा वारकऱ्याला दुसरीकडून शिकावा लागत नाही.

पण म्हणून जुने ते सगळे पाडावे काय? आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. ती काही शंभर वर्षांची नव्हती. माणसाला वाचवते ते बांधकामातले इमान. नवेपण त्याची हमी देत नाही.

मग वाट कोणती? ती नाथांनी दाखवली आहे. अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, असा माउलींचा दृष्टांत झाला आणि एकनाथ महाराज आळंदीला आले. त्यांनी मुळी दूर केली, समाधिस्थानाचा जीर्णोद्धार केला. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मध्ये शिरलेले पाठ काढले आणि स्वतःचे काही घातले नाही. याला म्हणतात जीर्णोद्धार. गळा आवळणारी मुळी काढायची आणि मूळ वस्तू राखायची. २०२४ मध्ये पंढरपूरच्या मंदिरात जतनाचे काम झाले, तेव्हा नंतर बसवलेला ग्रॅनाइट काढून मूळचा दगड मोकळा केला गेला. पद्धत तीच.

वाड्याचा गळा आवळणारी मुळी कोणती? थकलेली दुरुस्ती, वारसांचे भांडण आणि भाडेकरूची भीती. ती काढता येते. तीस वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्यानेच सांगितली आहे, ती पाटी लागायच्या आत व्हावी. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा वास्तूच्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची सोय आहे. वाडा राखून न वापरलेले बांधकाम दुसरीकडे विकता येते आणि त्या पैशात दुरुस्ती होते. पण त्यासाठी वाडा आधी वारसा यादीत यावा लागतो, आणि ते गावाने मागावे लागते. जो वाडा खरोखर उभा राहूच शकत नाही, तो उतरवावा. पण भाडेकरूच्या हातात परत येण्याचा लेखी करार पडल्याशिवाय एक कौलही काढू नये. नव्या इमारतीत तळमजल्याला एक ओटी, एक मोकळी जागा राहिली, तर गावाचा स्वभाव टिकेल.

तेव्हा पुढच्या कार्तिकीला पनवेलवरून जाल, तेव्हा एक करा. जिथे मुक्काम पडेल त्या घरच्या माणसांना विचारा, छप्पर गळते का, कागद कोणाच्या नावावर आहेत, कोणाला बाहेर जावे लागते आहे का. आपल्या दिंडीत वकील असतात, गवंडी असतात, पालिकेतले नोकरदार असतात. पंगतीत सगळे शेजारीशेजारी जेवतात. त्यांतला एकजण त्या घरासाठी एक दिवस थांबला, तर तीही वारीच आहे.

ज्या ओटीवर आपण पाठ टेकली, तिचे ऋण आहे आपल्यावर.

रामकृष्ण हरी.